अंगचा वास, घरचा वास



हातकणंगल्याच्या शिवारात उसाच्या बांधावर किंवा गुऱ्हाळाच्या आसपास मुंग्यांची रांग पाहिली नाही, असा माणूस सापडायचा नाही. गुळाची ढेप कुठे ठेवली आहे हे घरच्या माणसाला विसरायला होईल, पण मुंगळ्याला होत नाही. गुळाला मुंगळा कसा चिकटतो हे आपल्याला इतके परिचयाचे आहे की त्याची म्हण होऊन बसली. परंतु याच मुंग्यांची एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकाच जातीच्या, एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या मुंग्यांची दोन बिळे जवळजवळ असतात. आपल्या डोळ्यांना तिथली एक मुंगी दुसरीसारखीच दिसते. पण एका बिळातली मुंगी चुकून दुसऱ्या बिळाच्या तोंडाशी गेली, की क्षणभर मिशांना मिशा लागतात आणि लगेच चावाचावी, ओढाओढी सुरू होते. स्वतःच्या बिळातली मुंगी आली तर तोच मिशांचा स्पर्श होतो, आणि दोघी शांतपणे आपापल्या कामाला लागतात.

मग प्रश्न असा, की घरचा कोण आणि परका कोण हे त्या मुंगीला कळते कसे? बिळात हजारो मुंग्या असतात. प्रत्येकीचा चेहरा लक्षात ठेवावा एवढा तिचा मेंदू नाही, आणि बिळात उजेड तर मुळीच नाही. या एका प्रश्नाचा माग माणसे सुमारे दीडशे वर्षे काढीत आहेत. त्या शोधाचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्यात एक इंग्रज सावकार आहे, एक स्विस डॉक्टर आहे, चीनमधून परतलेली एक धर्मोपदेशिका आहे, आपल्या पुण्याच्या मुंग्या आहेत आणि घराच्या वळचणीला पोळे बांधणाऱ्या गांधीलमाशाही आहेत.

परवलीचा शब्द

प्रथम एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण वर्गात मुले हमखास इथे गोंधळतात. मुंग्यांची रांग जिच्यावरून चालते ती वाट वासाची असते. मुंगी पोटाच्या टोकातून जमिनीवर एक स्राव टेकवीत जाते आणि मागच्या मुंग्या त्यावरून चालतात. अठराव्या शतकात शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने अशा रांगेवर आडवे बोट घासले, तेव्हा मुंग्या त्या जागी येऊन अडखळल्या. हा वाटेचा वास उडून जाणारा असतो. आज आपण ज्या वासाविषयी बोलत आहोत तो निराळा. तो मुंगीच्या अंगावरच असतो, सहजासहजी उडत नाही आणि अगदी जवळून, मिशा टेकवल्यावरच कळतो.

या दुसऱ्या वासाचा पद्धतशीर तपास करणाऱ्यांत सर जॉन लबक यांचे नाव आरंभी घ्यावे लागते. हे गृहस्थ व्यवसायाने पेढीवाले. १८७१ साली इंग्लंडमध्ये बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्यांचा कायदा झाला, तो यांच्याच खटपटीने. बँकेच्या कामातून सवड काढून ते घरी काचेच्या तावदानांमध्ये मुंग्या पाळीत. १८८२ साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या काळी काही विद्वानांचे म्हणणे असे, की सैन्याच्या छावणीत पहारेकऱ्याला जसा परवलीचा शब्द सांगावा लागतो, तशी मुंग्यांचीही एखादी खूण असावी. एकीने खूण करायची, दुसरीने ती ओळखायची. लबक यांनी यावर मोठी मजेदार परीक्षा काढली. त्यांनी मुंग्यांना दारू पाजून बेशुद्ध केले! काही मुंग्या एका बिळातल्या, काही परक्या बिळातल्या. बेशुद्ध मुंगी खूण कसली करणार? मग या झिंगलेल्या मुंग्या त्यांनी बिळाजवळ ठेवून दिल्या. भोवती पाण्याचा चर होता. शुद्धीवर असलेल्या मुंग्या आल्या, त्यांनी या पडलेल्यांची मिशांनी चौकशी केली, आणि आपल्यांपैकी बहुतेकींना उचलून घरात नेले. परक्यांपैकी बहुतेकींना मात्र पाण्यात ढकलून दिले.

म्हणजे खूण करण्याची गरज नव्हती. परवलीचा शब्द बोलावा लागत नव्हता, तो अंगावरच लिहिलेला होता.

कात्री, अंघोळ आणि एक धर्मोपदेशिका

हा मजकूर मुंगी वाचते कशाने? याचे उत्तर ऑग्यूस्त फोरेल या स्विस डॉक्टराने दिले. हे मनोविकारांचे तज्ज्ञ, पण लहानपणापासून मुंग्यांचे वेड. त्यांनी बारीक कात्रीने मुंग्यांच्या मिशा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत स्पर्शिका, कापल्या. डोळे शाबूत, पाय शाबूत, फक्त मिशा नाहीत. अशा मुंग्यांना शत्रू-मित्र काही कळेनासे झाले. ज्या जातींचे एरवी हाडवैर, त्या मुंग्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून निमूट राहू लागल्या. ओळख मिशांतच आहे, हे यावरून ठरले.

१८९८ साली आल्ब्रेख्त बेथे या जर्मन शास्त्रज्ञाने पुढचे पाऊल टाकले. त्याने मुंगीला चक्क अंघोळ घातली, आणि मग दुसऱ्या बिळातल्या मुंग्या चिरडून त्यांच्या अंगरसात तिला बुडवले. आता हिच्या अंगाला शत्रूचा वास. स्वतःच्या घरी परत सोडल्यावर घरच्याच मुंग्या तिच्यावर तुटून पडल्या. बेथे यावरून असे म्हणू लागला की मुंगी म्हणजे निव्वळ यंत्र आहे, तिला मन नाही, अनुभव नाही, शिकणे नाही. वास आला की कळ दाबल्यासारखी ती चावते, एवढेच. त्याचे हे मत पुष्कळांना पटले नाही, आणि त्यातून मोठा वाद माजला.

या वादात एका बाईने मोलाची भर घातली. तिचे नाव अ‍ॅडेल फील्ड. ही अमेरिकन बाई कित्येक वर्षे चीनमध्ये धर्मोपदेशिका होती. मायदेशी परतल्यावर, साठी उलटल्यावर, तिने मुंग्यांच्या अभ्यासाला हात घातला. शिक्षकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. नवा विषय शिकायला वयाची अट नसते. तिने मुंग्या पाळण्यासाठी काचेचे सुटसुटीत घरटे तयार केले, ते पुढे तिच्याच नावाने ओळखले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिने असे दाखवले, की कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या जन्मानंतर काही तासांच्या आत एकत्र ठेवल्या, तर त्या एका कुटुंबासारख्या राहतात. त्याच जातींच्या वाढलेल्या मुंग्या एकत्र आणाव्यात तर रण माजते.

याचा अर्थ काय? वैर पोटातून येत नाही. कोवळ्या वयात ज्या वासात मुंगी वाढते, तो वास ती आपला मानते. बेथे म्हणतो तशी केवळ कळ दाबलेली मुंगी नाही. तिला शिकावे लागते.

पुण्याच्या मुंग्या परदेशी

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे होते. त्यांचा जन्म १८५१ सालचा, आपल्या शेजारच्या साताऱ्याचा. नोकरी जकात आणि मीठ खात्यात, पण लक्ष सदैव झाडाझुडपांत आणि किड्यामुंग्यांत. पाने शिवून झाडावर घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या घरट्यांवर त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. त्यांचे समकालीन रॉबर्ट राउटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी. १८९२ साली त्याच नियतकालिकात राउटन यांनी आपल्याकडच्या मुंग्यांवर विस्ताराने लेखन केले.

राउटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला पाठवीत, आणि त्या कोणाकडे? ज्यांनी मिशा कापल्या त्याच फोरेल यांच्याकडे. हिंदुस्थान आणि सिलोन येथील मुंग्यांवरची फोरेल यांची लेखमाला १८९२ पासून मुंबईच्या या नियतकालिकात वर्षानुवर्षे येत राहिली. पुण्याहून गेलेल्या मुंग्यांत एक अगदी बारीक जात निघाली. १८९० साली फोरेल यांनी तिचे वर्णन केले आणि तिला राउटन यांचे नाव दिले. शास्त्रीय भाषेत ती कार्डिओकोंडिला राउटनी.

या जातीच्या गोतावळ्यात पुढे जे आढळले ते वासाच्या इतिहासात फार नवलाचे आहे. या मुंग्यांत काही नर बिनपंखी असतात, ते बिळातच राहतात आणि एकमेकांशी झुंजतात. १८८७ नव्हे, तब्बल शंभर वर्षांनी, १९८७ साली जपानी संशोधकांनी या झुंजीचे बारकावे प्रसिद्ध केले. थोरला नर प्रतिस्पर्ध्याला धरतो आणि त्याच्या अंगाला आपल्या पोटातला स्राव फासतो. एवढे झाले, की कामकरी मुंग्या त्या फासलेल्या नराला परका समजून ठार करतात. आपल्याकडे एखाद्याला बदनाम करून गावाकडून त्याचा काटा काढवितात ना, तसाच प्रकार! उलट याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीचे पंखवाले नर आपल्या अंगावर कुमारी राणीसारखा वास बाळगतात, आणि त्यामुळे झुंजार नर त्यांना मारीत नाहीत. हे २००२ साली उघडकीस आले. फोरेल यांना पुण्याची ती मुंगी भिंगाखाली दिसली, पण तिच्या अंगावरचा वास दिसायला आणखी शतक जावे लागले.

मेणाचा अंगरखा

हा वास नेमका कशात असतो? याचे उत्तर भलत्याच वाटेने आले.

आपल्या आयाबहिणी तूर, मूग, हरभरा साठवताना त्याला राख चोळून ठेवतात. किडा लागत नाही, असा अनुभव. राखेत विष तर काही नाही, मग किडा मरतो कशाने? १९४५ साली विन्सेंट विगल्सवर्थ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने याचे मर्म दाखवले. किड्याच्या कवचावर अगदी पातळ असा मेणाचा थर असतो. किडा एवढासा, त्याच्या अंगात पाणी थेंबभर. ते पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्याला मेणाचा अंगरखा घातला आहे. खरखरीत बारीक भुकटीने तो अंगरखा ओरखडला गेला, की किडा आतून सुकतो आणि मरतो. राखेची करामत पुष्कळशी हीच. शास्त्राला जे १९४५ साली उमगले, त्याचा उपयोग आपल्या घरातील कणगीत कितीतरी आधीपासून चालू होता.

हे मेण मुख्यतः हायड्रोकार्बन नावाच्या पदार्थांचे. कार्बनचे अणू साखळीसारखे एकापुढे एक जोडलेले आणि त्यांना हायड्रोजनचे अणू चिकटलेले. मेणबत्तीचे मेण याच घराण्यातले. किड्यांच्या अंगावर साधारण वीस ते चाळीस कार्बन अणूंच्या साखळ्या सापडतात. काही सरळ, काहींना मध्येच फांदी फुटलेली, काहींत एखादा दुहेरी जोड. एका मुंगीच्या अंगावर अशा साखळ्यांचे अनेक प्रकार असतात. प्रत्येक जातीत प्रकार निराळे, आणि एकाच जातीच्या दोन बिळांत प्रकार तेच पण प्रमाण निराळे. आपल्या स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. कांदा-लसूण चटणी कोल्हापुरात घरोघरी होते. जिन्नस तेच. तरी जिभेवर ठेवताच आपल्या घरची कोणती आणि शेजारची कोणती हे कळते, कारण प्रमाणाचा फरक. मुंगीच्या अंगावरच्या मेणाचेही तसेच आहे.

हे प्रमाण मोजायचे कसे, ही अडचण १९५२ साली सुटली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची रीत प्रसिद्ध केली. मिश्रण तापवून वायुरूप करायचे, लांबलचक नळीतून पुढे ढकलायचे. हलके घटक आधी बाहेर येतात, जड मागाहून. कागदावर उंचसखल शिखरांची ओळ उमटते. प्रत्येक शिखर म्हणजे एक घटक, आणि शिखराचा आकार म्हणजे त्याचे प्रमाण. लबक यांच्या काळी अंगावर लिहिलेला जो मजकूर फक्त मुंगीला वाचता येई, तो आता माणसालाही वाचता येऊ लागला.

जिवंतपणी स्मशानात

याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकेत एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मुंगी मेली तर पहिला दिवस-दोन दिवस तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. नंतर मात्र तिला उचलून बिळाबाहेर, ठरलेल्या उकिरड्यावर टाकतात. मरण ओळखायला एवढा वेळ का लागतो? विल्सन यांनी ताडले, की कुजताना तयार होणारा एखादा पदार्थ ही खूण असावी. शोधता शोधता ओलेइक आम्ल हाती लागले. कागदाच्या कपट्याला ते लावून बिळात ठेवले, तर मुंग्या कपटासुद्धा उकिरड्यावर टाकून येत. मग त्यांनी एका जिवंत, धडधाकट मुंगीच्या अंगाला ते लावले. बहिणींनी तिला उचलले आणि पाय झाडीत असतानाच स्मशानात नेऊन टाकले. ती परत आली. पुन्हा उचलून नेली. अंग चाटून पुसून साफ होईपर्यंत तिचे मरण काही टळले नाही!

वासाच्या पुराव्यापुढे डोळ्यांचा पुरावा मुंगीला मान्य नाही, हे यातून दिसले. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, कार्लसन आणि ल्यूशर यांनी अशा निरोप देणाऱ्या स्रावांना ‘फेरोमोन’ हे नाव दिले, आणि या अभ्यासाला स्वतंत्र विषयाचे रूप आले.

जन्म की घर?

आता मूळ प्रश्न. मुंगीच्या अंगचा हा वास तिला रक्तातून मिळतो, की घरातून?

अ‍ॅडेल फील्डने याची एक बाजू दाखवली होतीच. १९८३ साली कार्लिन आणि हॉलडॉब्लर यांनी एका जातीचे कोश दुसऱ्या जातीच्या बिळात वाढवले. त्यातून निघालेल्या मुंग्या पालक घराच्या झाल्या. इतक्या, की निराळ्या घरी वाढलेल्या आपल्या सख्ख्या बहिणी समोर आल्या तेव्हा त्यांच्यावरच त्या तुटून पडल्या.

१९८८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीला विचारला. ही माशी दक्षिण भारतात जागोजाग आढळते. लहानशी, तांबूस तपकिरी. वळचणीला कागदासारखे उघडे पोळे बांधते. त्यांनी काही माश्यांना जन्मापासून पोळ्यापासून आणि बहिणींपासून दूर वाढवले. पुढे त्यांच्यासमोर सख्ख्या बहिणी आणि परक्या माश्या आणल्या, तर त्यांना फरक करता आला नाही. पोळ्याचा सहवास ज्यांना मिळाला होता त्यांनाच आपपर कळले. ओळखीची खूणही घरात मिळते आणि ती खूण ओळखण्याची शिकवणही घरातच मिळते, असा याचा निष्कर्ष.

मधमाश्यांतही पोळ्याच्या मेणाचा वास अंगाला लागतो आणि तोच ओळखीचा मोठा भाग होतो. काही मुंग्यांत याहून नेटकी व्यवस्था आहे. मुंगीच्या डोक्यात घशाजवळ एक पिशवीसारखी ग्रंथी असते. मुंग्या एकमेकींना चाटतात, तोंडाने तोंडात अन्न देतात, तेव्हा प्रत्येकीच्या अंगचे मेण या ग्रंथीत मिसळते आणि पुन्हा सर्वांच्या अंगावर वाटले जाते. इस्रायली संशोधकांनी वाळवंटी मुंग्यांत १९९४ साली हे प्रत्यक्ष दाखवले. पंगतीच्या आमटीत प्रत्येक घरचा तांब्याभर रस्सा ओतावा आणि मग सर्वांना तीच आमटी वाढावी, तसा हा प्रकार. त्यामुळे बिळातली कोणतीही मुंगी केवळ स्वतःच्या वासाची राहत नाही; ती साऱ्या घराच्या वासाची होते.

अन्नाचाही यात वाटा आहे. २००० साली अमेरिकेत लियांग आणि सिल्व्हरमन यांनी अर्जेंटिनी मुंग्यांची एक वसाहत दोन भागांत वाटली. एका भागाला विशिष्ट जातीची झुरळे खायला दिली. झुरळांच्या अंगचे मेण त्या मुंग्यांच्या अंगावर उतरले. पुन्हा गाठ पडली, तेव्हा कालच्या बहिणी आज वैरिणी झाल्या होत्या. फरक फक्त ताटातल्या अन्नाचा.

याचा अर्थ जन्माला काहीच किंमत नाही असा मात्र नव्हे. कोणत्या साखळ्या अंगात तयार होतील याला अनुवंशाची मर्यादा आहे, आणि जातीजातींत या दोहोंचे प्रमाण वेगळे आहे. परंतु वैर आणि आपलेपणा रक्तातच लिहिलेला असतो असे सांगताना कोणी मुंगीचा दाखला देऊ लागला, तर त्याला हा इतिहास जरूर सांगावा. मुंगीची साक्ष त्याच्या बाजूने नाही.

राणीचा दरारा

वासाची दुसरी कामगिरी राज्यकारभाराची. मधमाश्यांच्या पेटीतून राणी काढली, की थोड्याच वेळात साऱ्या पेटीत बेचैनी पसरते, हे मधपाळांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या कॉलिन बटलर यांनी १९५४ साली दाखवले, की कामकरी माश्या राणीच्या अंगावरून एक द्रव्य चाटतात आणि आपसांत वाटतात. ते मिळत आहे तोवर राणी आहे असे समजतात.

गदगकर यांच्या गांधीलमाशीत याची आणखी एक तऱ्हा निघाली. तिची राणी अगदी गरीब, कोणाला मारीत नाही, हाकीत नाही. तरी तिच्याखेरीज कोणी अंडे घालीत नाही. राणी काढून घेतली, की काही मिनिटांत एक माशी एकाएकी तापट होते आणि आठवडाभरात नवी राणी बनते. मग या गरीब राणीचा दरारा कशात? ती आपल्या पोटाचे टोक पोळ्यावर घासत फिरते. नांगीजवळच्या एका ग्रंथीतील हायड्रोकार्बन अशा रीतीने पोळ्याला लागतात, आणि ती नुसती असल्याची वर्दी सर्वांना पोचते. २००८ सालापासून पुढच्या काही वर्षांत हे काम झाले. ओरडणाऱ्या मास्तरापेक्षा नुसत्या उपस्थितीने वर्ग शांत ठेवणारा मास्तर आपण पाहिला आहे. त्याच्याच जातीची ही राणी म्हणायची.

२०१४ साली अनेक देशांच्या संशोधकांनी मुंग्या, गांधीलमाश्या आणि भुंगे यांची तुलना करून दाखवले, की राणीची खूण म्हणून त्यांच्यात सारख्याच प्रकारचे हायड्रोकार्बन वापरात आहेत. अंगातले पाणी राखण्यासाठी जे मेण होते, तेच पुढे ओळखपत्र झाले आणि तेच राजमुद्राही झाले.

आयत्या बिळावर नागोबा

जिथे ओळखपत्र आहे तिथे त्याची नक्कल करणाराही आलाच. वारूळ वाळवीने बांधावे आणि त्यात नागाने राहावे, यावरून आपल्याकडे म्हण पडली. युरोपात निळ्या फुलपाखरांच्या काही जातींच्या अळ्या अशाच नागोबा आहेत. त्या अंगावर मुंगीच्या पिलासारखा वास धरतात. मुंगी त्यांना आपले पिल्लू समजून घरात नेते, आणि तिथे त्या मुंग्यांचीच पिले खाऊन पोसतात.

या गोष्टीचा शेवट विचार करण्यासारखा आहे. इंग्लंडात हे मोठे निळे फुलपाखरू नाहीसे होऊ लागले, तेव्हा त्याच्या जागा राखल्या, कुंपणे घातली. तरी १९७९ साली ते तिथून नामशेष झाले. जेरेमी थॉमस यांनी कारण शोधले. ही अळी मुख्यतः एकाच जातीच्या मुंगीच्या घरात जगते. चराई कमी झाली, गवत उंच वाढले, जमीन थंड पडली आणि ती मुंगीच निघून गेली. फुलपाखरू वाचवायला निघालेल्यांनी मुंगीचा विचार केला नव्हता. पुढे चराई पुन्हा सुरू करून, १९८३ पासून स्वीडनची फुलपाखरे आणून तिथे ती वसवण्यात आली. गुरे चारण्याने निसर्गाची नेहमी हानीच होते असे नाही, हेही यातून दिसते.

मधाची पेटी आणि कालची रद्दी

हे सारे ऐकून शेतकरी बांधव विचारतील, याचा आम्हाला उपयोग काय? एक उपयोग अगदी हातातला आहे.

मधमाश्यांच्या अभ्यासाची आपल्या राज्यात मोठी परंपरा आहे. महाबळेश्वरचा मधोद्योग प्रसिद्धच आहे. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, आणि त्यापाठोपाठ आपल्या जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याच्या पाटगावला तो मान मिळाला.

पेट्या पाळताना कधी एखादी वसाहत दुबळी होते किंवा तिची राणी मरते. ती दुसऱ्या वसाहतीत मिसळायची असते. एकदम मिसळली तर वास वेगळा, आणि शेकडो माश्या मारामारीत मरतात. म्हणून मधपाळ दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घालतो. माश्या दोन्हीकडून तो कागद कुरतडू लागतात. कागदाला भोके पडेपर्यंत दोन्हीकडचे वास एकमेकांत मुरतात, आणि कागद फाटतो तेव्हा भांडायचे कारणच उरलेले नसते. कालच्या रद्दीच्या एका पानात लबकपासून गदगकरांपर्यंतचे शास्त्र असे सामावलेले आहे.

शिक्षकांनी मुलांना घेऊन एक साधे निरीक्षण करावे. आळत्याच्या रामलिंगाच्या डोंगरावर सहल न्या किंवा शाळेच्या पटांगणातच बसा. रांगेतल्या दोन मुंग्या समोरासमोर आल्या की किती वेळ थांबतात, मिशा कुठे टेकवतात, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. एकाच बिळातल्या आणि दूरच्या बिळातल्या मुंग्या काचेच्या दोन बरण्यांत जोडीजोडीने ठेवून वागणुकीतला फरक टिपा, आणि झुंज लागताच त्यांना सोडवून परत आपापल्या जागी सोडा. गांधीलमाशीच्या पोळ्यापाशी मात्र हात घालू नये, लांबूनच पाहावे.

शेवटी एक शोध सांगून थांबतो. आपल्या पश्चिम घाटात उड्या मारून शिकार करणारी एक मुंगी आहे, हार्पेग्नाथोस तिचे नाव. २०१७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या मुंगीच्या अनुवंशातील एकच घटक बदलला. त्यामुळे तिच्या मिशांना बहुतेक वास येईनासे झाले. मिशा जागेवरच होत्या, पण मुंगी घरात राहून परकी झाली. ती बिळाबाहेर भटकू लागली, शिकार आणीना, बहिणींच्या व्यवहारात मिसळेना. फोरेल यांच्या कात्रीने जे दाखवले होते तेच सव्वाशेहून अधिक वर्षांनी जनुकांच्या कात्रीने पुन्हा दाखवले. आणि एक नवीही गोष्ट दिसली. वास न येणाऱ्या या मुंग्यांच्या मेंदूतला वास वाचणारा भाग नीट वाढलाच नव्हता. आपल्या माणसांचा वास हा मुंगीला नुसता शत्रूपासून सावध करीत नाही. तिचे डोके आणि तिचे घर, दोन्ही त्याच वासावर उभे राहतात.